शालनचा वजनाचा दिवस

फोन तीनदा वाजला तेव्हा माझी दोन बोटं समोरच्या व्यापाऱ्याच्या मुठीत होती. लोणंदच्या बाजारात मेंढरांचा भाव आम्ही तोंडानं बोलत नाही. हातांवर टॉवेल टाकायचा आणि त्याच्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. मध्येच हात काढून घेतला तर सौदा मोडला असं धरतात. खिशातला फोन थरथरत होता. मान वाकडी करून बघितलं, तर वाडीवरच्या अंगणवाडीतल्या मदतनीस सरूचा नंबर. वाडीवरचे फोन मी तेव्हा घेत नव्हतो. सौदा पुरा केला, हातावर हात मारला, चहा सांगितला, आणि मग चिडूनच फोन लावला. "काय गं, पाठीला लागल्यासारखी काय फोन करतीस?" पलीकडं सरू रडत नव्हती. एकसुरी आवाजात म्हणाली, "दादा, शालाक्का उठंना. डाक्टर यिऊन गेलं. न्हाई म्हणालं." मी म्हणालो, "तोंडावर पाणी मार." ती म्हणाली, "मारलं दादा." मी म्हणालो, "आणखी मार"... आणि फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. आलेला चहा कुणी प्यायला ते मला माहीत नाही.

शालन माझी चुलतबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी धाकटी. जत तालुक्यातल्या आमच्या वाडीवरची अंगणवाडी तिनं चोवीस वर्षं चालवली. वाडीत तिला सगळे शालाक्का म्हणत, पोरं नुसतं 'बाई' म्हणत आणि मी 'शालने' म्हणून हाक मारत असे. म्हणत असे, कारण शेवटचे चौदा महिने मी तिला हाकच मारली नव्हती. आमचं भांडण होतं. चूक कुणाची, हे मला त्या दिवसापर्यंत पक्कं माहीत होतं. लोणंद ते जत, एवढ्या रस्त्यात मी गाडीत बसून तिला काय काय ऐकवायचं ते जुळवत होतो. ती गेलेली आहे हे कानांनी ऐकलं होतं, पण डोकं जुन्याच कामाला लागलं होतं. विटा मागं पडल्यावर मी मोठ्यानं म्हणालो, "आणि ते पोरांसमोर बोलायची काय गरज होती तुला?" ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे आता कुणाला विचारायचं?

माती माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. दिवस बुडता बुडता पोचलो. तिला अंगणवाडीच्या खोलीतून घरी आणलं होतं. लुगड्याच्या काठाला पिठुळ काहीतरी लागलेलं होतं. सरू म्हणाली, वजनाचा दिवस होता, दोन लेकरांची वजनं झाली होती, तिसऱ्याला झोळीत घालायला ती वाकली आणि "सरू, जरा धर" म्हणाली. लेकरू सरूच्या हातात दिलं, खाली चटईवर बसली, ती बसलीच. पन्नाशी नुकती ओलांडलेली बाई. आजार नाही, गोळी नाही. आदल्या दिवशी दोन कळश्या पाणी टँकरवरून आणलं होतं. मी तिच्या नवऱ्याला, बिरूला विचारलं, "छातीत दुखतंय म्हणाली व्हती का कवा?" तो म्हणाला, "मला कवा काय सांगतीया ती. सांगायचं असलं तर तुला सांगायची." मग त्यालाही आठवलं की तीही वाट चौदा महिने बंद होती, आणि तो दुसरीकडं बघायला लागला.

आम्ही दोघं मेंढरांमागं वाढलो. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं बंद व्हायची. मेंढरं, घोडी, कोंबड्या, भांडी, पोरंबाळं, सगळं पश्चिमेला निघायचं, पाण्याच्या बाजूला. कऱ्हाड, रहिमतपूर, कधी लोणंदपर्यंत. तिथल्या शेतकऱ्यांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळतं, आम्हाला ज्वारी मिळते. पावसाळा आला की परत. हे आजही चालतं. त्या फिरतीत शालनची धाकटी बहीण गेली, जेमतेम दोन वर्षांची. जुलाब लागले होते. रहिमतपूरच्या अलीकडं एका गावात नर्सबाई लेकरांना औषध देत होत्या. काकू रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर बाईंनी वही बघितली आणि म्हणाल्या, तुमचं नाव आमच्या यादीत नाही, तुमच्या गावाकडं दाखवा. बाई वाईट नव्हत्या. त्यांना तसंच सांगितलेलं असणार. पण आमचं गाव तिथून चालत सात मुक्कामांवर होतं. मोठ्या रस्त्यापर्यंत त्या लेकराला मी घेऊन चाललो होतो, काकू मागून येत होती. रस्ता यायच्या आधीच ते माझ्या हातात वेगळं लागायला लागलं. त्यापुढं मी कधी कुणाला काही सांगितलं नाही, शालनलाही नाही. ती मात्र तेवढी एक गोष्ट धरून बसली. दहावी झाली, वाडीतच लग्न केलं, आणि वाडीला अंगणवाडी मंजूर झाल्यावर पहिला अर्ज तिचा होता.

मी सातवी नापास. मेंढरं राखायची सोडून विकायच्या धंद्यात आलो आणि स्वतःच्या जिवावर उभा राहिलो. मला कुणी हात दिला नाही, हे मी सांगत असतो, आणि पुन्हा सांगतो. रागीट आहे हेही खरं, पण त्या रागावरच मी बाजारात टिकलो. माझी एकच विद्या आहे. मेंढरू दोन्ही हातांनी उचललं की त्याचं वजन मी सांगतो, काट्याला फार तर थोडा फरक. एकदा वाडीवर गेलो असताना शालनचा वजनाचा दिवस होता. खोलीच्या आढ्याला काटा टांगलेला, खाली कापडी झोळी, आणि एकेक लेकरू त्यात बसून बोंबलतंय. मी सहज एकाला उचललं आणि म्हणालो, "साडेनऊ." शालननं त्याला झोळीत घातलं. काटा साडेनऊला दोन बोटं कमी. बाया हसल्या. ती मात्र हसली नाही, म्हणाली, "पुन्यांदा सांग. ह्या पोरीचं." तेव्हापासून मी वाडीवर असलो आणि वजनाचा दिवस असला की हा खेळ ठरलेला. मी आधी उचलायचं, आकडा सांगायचा, मग काटा. लेकरू वळवळायला लागलं की ती त्याला म्हणायची, "हलू नगंस रं बाळा, दादा फसंल, मग त्येला राग येतोय." मी फसलो की सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणायची, "लोणंदच्या बाजारात कसा काय खपतोयस रं तू?"

एकदा मात्र फसलो नाही. टम्म गालांचं एक पोरगं होतं. त्याची आई अभिमानानं म्हणाली, बघा शेठ, कसं बाळसं धरलंय. मी उचललं आणि माझ्या हातांना पटेना. बाजारात काही लोक मेंढराला मीठ चाटवून पाणी पाजतात, म्हणजे ते भरल्यासारखं दिसतं. उचललं की असं जनावर हाताला ढिलं लागतं, मांसाचं वजन वेगळं आणि पाण्याचं वेगळं. मी शालनला बाजूला घेऊन म्हणालो, "शालने, ह्या पोरात पाणी हाय." तिनं त्याच्या पावलावर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला. त्याच दुपारी ती त्या मायलेकरांना घेऊन सांगलीच्या दवाखान्यात गेली. पोरगं वाचलं. परत आल्यावर ती माझ्यासमोर बसली. मग म्हणाली, "काटा चांगलंच सांगत हुता दादा. काट्याला पाणी कळत न्हाई." माझ्या आयुष्यात मला शाबासकी म्हणावं असं कुणी काही बोललं असेल, तर ते तेवढंच.

तर आता भांडणाकडं येतो, कारण ते टाळून हा लेख लिहिला तर तीच वरून म्हणेल, "व्यापारी गड्या, खोट झाकून माल इकतोस व्हय."

दोन वर्षांपूर्वी तालुक्यातून निरोप आला. पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायचा आहे. कुठली अंगणवाडी ठेवायची, कुठली शेजारच्या मोठ्या अंगणवाडीत मिळवायची, नवी खोली कुठं बांधायची, हे गावागावानं सांगायचं. आमच्या वाडीची अडचण अशी, की लेकरं मोजायला माणसं येतात ती नेमकी हिवाळ्यात. तेव्हा वाडी रिकामी. पावसाळ्यात सतरा लेकरं असायची, हिवाळ्यात पाच. कागदावर पाच दिसली, तर खोली बंद होणार हे सरळ होतं. शालननं मग स्वतःचा आराखडा केला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मेंढरांची वाट काढली, वाडीपासून लोणंदपर्यंत. प्रत्येक मुक्कामाजवळच्या अंगणवाडीचं नाव लिहिलं, तिथल्या सेविकेला फोन करून ओळख काढली. तिचं म्हणणं साधं होतं. लेकरू जिथं असेल तिथल्या अंगणवाडीनं त्याचं वजन करावं, खाऊ द्यावा, डोस द्यावा आणि वाडीला कळवावं. 'तुमचं नाव आमच्या यादीत नाही' हे कुणी म्हणायचं नाही. आणि वाडीची खोली बारा महिने उघडी राहावी, मागं राहिलेल्या पाचांसाठी आणि डाळिंबाच्या बागेत कामाला जाणाऱ्या त्यांच्या आयांसाठी.

तो कागद घेऊन तालुक्याच्या बैठकीला कोण जाणार? तिनं मला बोलावलं. म्हणाली, "माझ्या वरच्या साहेबाफुडं मी किती बोलणार? माझी नोकरी हाय. तू सौदा करणारा माणूस, तू बोल. फकस्त एक ध्यानात ठिव. खोली सोडायची न्हाई. बाकी कशात बी मागं-फुडं हो." मी म्हणालो, "तू मला शिकवू नगंस."

मी गेलो. साहेब तरुण होते, गोड बोलणारे. मी सगळंच मागितलं: खोली, वाट, वर एक गाडी आणि नवा काटा. सौद्यात आधी जास्त मागायचं असतं. साहेब म्हणाले, खोलीचं अवघड आहे, पाच मुलांसाठी खोली ठेवता येणार नाही. पण वाडी गावच्या अंगणवाडीत मिळवू द्या, मुलांना न्यायला-आणायला गाडी देतो, आणि तुमचं ते वाटेवरच्या नोंदींचं पुढं पाठवतो. मी मनात तोललं. एका बाजूला गळक्या पत्र्याची एक खोली, दुसऱ्या बाजूला दारात गाडी, गावची पक्की इमारत, वर वाटेचं काम. कुठलाही व्यापारी हे सोडणार नाही. मी हात पुढं केला, साहेबांनी हात दिला. माझ्या लेखी तिथं सौदा झाला. आमच्यात हात दिल्यावर सख्खा बाप मेला तरी कुणी मागं फिरत नाही. साहेबांच्या लेखी तो निरोपाचा नमस्कार होता, हे मला कुठं माहीत?

पेढे घेऊन वाडीवर गेलो. शालन उंबऱ्यात बसून खिचडीचे तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोली?"

"खोली गेली. पर गाडी आणली. दारात यील. आणि तुझ्या वाटेचं बी..."

"कागद?"

"साहेबानं हात दिलाय."

तिनं ताट खाली ठेवलं. "दादा, तितं हात दिऊन काय व्हतं? तितं सही लागती. आजून काय बिघडलं न्हाई. उंद्या जा आन् सांग, आमाला मान्य न्हाई म्हनावं."

"हात दिऊन मोडू? मग मी बाजारात तोंड कुठं दाखवू?"

"त्यो बाजार न्हाई रं..." एवढंच म्हणाली, आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागली. पेढ्यांचा पुडा तिनं उघडला नाही.

मी गेलो नाही. हे माझं चुकलं, असं लोक म्हणतात. म्हणोत. पण त्या वेळी मी मोडायला गेलो असतो, तर मी मी राहिलो नसतो. आठ दिवसांनी ग्रामसभा झाली. वाडी मिळवण्याचा ठराव वाचला आणि कुणाची हरकत आहे का म्हणून विचारलं. मी गप्प बसलो, कारण मी हात दिलेला. शालन उठली. कधी सभेत न बोललेली बाई. माझ्याकडं बोट करून म्हणाली, "मेंढरू घेताना ह्यो मानूस आदी त्याचं दात बघतोय. आन् पोरांच्या वक्ताला कागद बघितला न्हाई. ह्येनं आमच्या लेकरांचा सौदा केला." सगळी सभा हसली. हसण्यासारखं ती बोलली नव्हती, पण माणसं हसली. पोरंसुद्धा हसली. मी उठून चालायला लागलो, तो चौदा महिने चालतच राहिलो.

पुढं जे झालं ते तिच्या बाजूनं झालं, हे मला लिहावं लागतंय आणि लिहिताना आजही माझी दातखीळ बसते. ठराव त्या सभेत मंजूर झाला, आणि कागदावर होता म्हणून टिकला. गाडी हातावर होती, म्हणून ती आलीच नाही. साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना मी फोन केला, तर ते म्हणाले, "कसली गाडी?" वाडीपासून गाव अडीच किलोमीटर, मध्ये खडीच्या डंपरचा रस्ता. आया आठवडाभर लेकरं घेऊन चालल्या, मग थांबल्या. मी सरूच्या हाती निरोप धाडला, माझा टेम्पो लावतो, ड्रायव्हर माझा, डिझेल माझं, पोरांना रोज न्या-आणा करतो. मला वाटलं, आता तरी ती बोलेल. तिचा उलटा निरोप आला, सरूनं शब्दन्‌शब्द सांगितला: "त्येला म्हणावं, ही तुझी मेहरबानी झाली. उंद्या तू मेलास मग? पोरांचं नाव कागदावर पायजे." माझं टाळकंच फिरलं. माणूस स्वतःची गाडी देतो आणि त्याला मरणाचं ऐकवायचं? भाऊबीजेला मी गेलो नाही. तिच्यासाठी घेतलेलं लुगडं दुकानाच्या पिशवीतच राहिलं, ते अजून तिथंच आहे.

आणि मेली कोण? तीच मेली. पुढचं मला माहीत नव्हतं, ते दहाव्याला सरूनं सांगितलं. शालनची नेमणूक गावच्या अंगणवाडीत झाली होती. सकाळी ती तिथं जायची. पण वाडीच्या खोलीची किल्ली तिनं कुणाला दिलीच नाही. दुपारी परत आली की खोली उघडायची, पाच तर पाच लेकरं बसवायची, घरचे तांदूळ टाकून खिचडी करायची. हिवाळ्यात वाटेवरच्या सेविकांना फोन लावायची, अमक्याची पोरगी तुमच्या गावाजवळ आली आहे, तेवढं वजन करा ना बाई. कुणी करायच्या, कुणी नाही. दर महिन्याला वजनाचा दिवस धरायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणार नव्हतं. हे ऐकलं आणि मला पहिल्यांदा रडू नाही, राग आला. मी सरूवरच ओरडलो, "मग तिनं वेगळं काय केलं? मला म्हणाली तू मेलास मग! आणि स्वतः? सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन बसली. आता ती मेली, झाली ना खोली बंद?" सरूनं ऐकून घेतलं. म्हणाली, "हेच मी तिला म्हनलं व्हतं दादा. तर म्हनाली, म्हाईत हाय मला, पर कागद व्हईस्तवर लेकरं थोडीच थांबत्यात." ह्याचं उत्तर मला रोज दोन-तीनदा सुचल्यासारखं वाटतं, सांगायला फोन काढतो, आणि हातात फोन धरून उभा राहतो.

सरूनं किल्ली दिली आणि वजनाची वही दिली. वरून आता सगळं मोबाइलमध्ये भरायचं असतं, पण शालन स्वतःची एक वही ठेवायची, लांबट, पुठ्ठ्याची. मी ती खोलीतच उभ्यानं चाळली. लेकराचं नाव, आईचं नाव, मुक्काम कुठं, वजन. सगळं निळ्या शाईत. वजनाच्या शेजारी पेन्सिलीनं आखलेला एक बारीक रकाना, त्याच्या डोक्यावर लिहिलेलं: 'दादा'. मी खाली बघितलं. काटा नऊ किलो चारशे, दादा साडेनऊ. वर्षानुवर्षांचं. मी वाडीवर असलेल्या प्रत्येक वजनाच्या दिवसाचं. मी हसत-खेळत बोललेला प्रत्येक आकडा तिनं लिहून ठेवला होता. एका पोराच्या नावापुढं, माझ्या आकड्याजवळ, 'पाणी' एवढा एकच शब्द आणि त्याखाली रेघ. मग पानं उलटत ग्रामसभेच्या महिन्यापर्यंत आलो. मला वाटलं, इथून पुढं रकाना नसणार. होता. दर महिन्याला नवं पान, पट्टीनं आखलेलं, डोक्यावर 'दादा', आणि खाली रिकामं. चौदा पानं. शेवटच्या पानावर दोन लेकरांची वजनं निळ्या शाईत, तिसऱ्याचं नुसतं नाव, आणि शेजारी माझा रकाना तयार.

मी खाली चटईवर बसलो. सरूला वाटलं, मलाही काहीतरी झालं. ती पाणी आणायला धावली.

तेराव्यानंतर चार दिवसांनी शालनच्या नावानं सांगलीहून पत्र आलं. तिनं कॅलेंडरवरची ती वाट साध्या कागदावर उतरवून तीनदा वर पाठवली होती, आणि तिसऱ्यांदा कुणीतरी ती वाचली होती. चर्चेला या, म्हणून बोलावलं होतं. ती नव्हती, म्हणून मी गेलो. समोर एक बाईसाहेब होत्या. शांतपणे सगळं ऐकलं, नकाशावर बोट फिरवत रहिमतपूरपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे, आम्ही नक्की बघू." आणि उठून हात पुढं केला. मी हात पाठीमागं घेतला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दिलेला हात मी घेतला नाही. म्हणालो, "बाईसाहेब, राग मानू नका. हात नको. मला सही द्या." त्या थोड्या चपापल्या. मग बसल्या. दीड तास लागला, मी दोनदा चढ्या आवाजात बोललो, एकदा शिपाई आत येऊन बघून गेला. पण निघताना माझ्या पिशवीत शिक्क्याचं पत्र होतं. येत्या दिवाळीपासून वाटेवरच्या अंगणवाड्यांनी आमच्या लेकरांची नोंद घ्यायची आहे, अंगणवाड्यांची नावं शालनच्या कागदावरून जशीच्या तशी घेतली आहेत. खोलीचं मात्र लिहिलंय, 'विचाराधीन'. म्हणजे खोली अजून मिळालेली नाही. तिनं जे एक सोडू नकोस म्हणून सांगितलं, तेच अजून बाहेर आहे. मी पुन्हा जाणार आहे. मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

तिनं माझं म्हणणं ऐकून घ्यायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. चारचौघांत बोलायला नको होतं, हेही वाटतं. ते वाटणं मेल्या माणसाबरोबर जळत नाही. पण बाजारात आता टॉवेलखाली हात गेला, की मध्येच माझी बोटं थबकतात. समोरचा विचारतो, "काय शेठ, सौदा मोडला का?"

ह्या महिन्यात वजनाच्या दिवशी मी वाडीवर गेलो. सरूनं खोली झाडली होती, काटा आढ्याला टांगला होता. मेंढरं अजून घरी आहेत, त्यामुळं बाया लेकरं घेऊन आल्या होत्या, सतराच्या सतरा. मी त्या तिसऱ्या लेकरापासून सुरुवात केली, जे त्या दिवशी झोळीत बसायचं राहिलं होतं. उचललं. वळवळ करायला लागलं. त्याला 'हलू नगंस' म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून मीच म्हणालो. अकराला थोडं कमी, असं सांगितलं. काट्यानं अकरा दाखवलं. सरूनं निळ्या शाईत लिहिलं आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. मी माझा आकडा माझ्या रकान्यात लिहिला.

मग तिनं मागची पानं उघडली, ती चौदा, आणि हळूच म्हणाली, "ही बी भरताय का दादा? आक्काला बरं वाटंल." मी वही मिटली. ती लेकरं मी तेव्हा उचलली नव्हती. न उचलता मी वजन सांगत नाही.